मत माझं, निकाल त्यांचा

शाळेत त्यांना सगळे कशापेक्षाबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं फारसं वाईटही वाटत नव्हतं. विषय त्यांचा भूगोल. पण शनिवारी शाळा सुटली की नकाशांच्या खोलीत त्या वादविवादाचा वर्ग घ्यायच्या. तिथे एखादं पोर उठून ‘स्वातंत्र्य फार महत्त्वाचं आहे’ असं म्हणालं रे म्हणालं, की बाईंचा प्रश्न ठरलेला असायचा: “कशापेक्षा?”

त्यांच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. दिवसभर गिऱ्हाइकांना ‘हे स्पष्ट दिसतं की ते?’ असं विचारणाऱ्या माणसाशी संसार केल्यावर बायको दुसरं काय विचारणार, असं तो कौतुकानं म्हणायचा.

वादविवादाशी बाईंची गाठ पडली ती नोकरीच्या पहिल्याच वर्षी. नेहमीचे सर रजेवर होते, म्हणून मुलांना घेऊन स्पर्धेला जायचं काम नव्या बाईंच्या गळ्यात पडलं. तिथे एक मुलगा ‘शिस्त, शिस्त’ म्हणून टेबल बडवत होता, तर दुसरी मुलगी ‘स्वातंत्र्य, स्वातंत्र्य’ म्हणून डोळ्यांत पाणी आणत होती. दोघांनी एकमेकांचं एक अक्षर ऐकलं नाही. बक्षीस टेबलाला मिळालं. बाईंनी परीक्षकांना कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, आवाज छान होता. बाईंना ते उत्तर पटलं नाही. ते डोक्यातून काही केल्या जाईना, आणि त्यातूनच पुढे शनिवारचा वर्ग सुरू झाला.

त्यांच्या वर्गात मोठमोठे शब्द चालत नसत. एकदा आठवीतल्या एका मुलीचं नवंकोरं घड्याळ चोरीला गेलं आणि मुख्याध्यापक सगळ्यांची दप्तरं तपासायला निघाले. बाईंनी तोच विषय वर्गात घेतला. एक जण म्हणाला, चोर सापडला पाहिजे, न्याय झाला पाहिजे. दुसरी म्हणाली, मग बाकीच्यांच्या इज्जतीचं काय? बाईंनी आधी दोघांकडून कबूल करून घेतलं की न्यायही दोघांना हवाय आणि इज्जतही दोघांना हवीय. भांडण चांगल्या आणि वाईटाचं नाहीच. दोन चांगल्या गोष्टी एका वेळी हाताला लागत नाहीत, तेव्हा कुठली सोडायची, एवढंच ठरवायचंय. मग त्यांनी विचारलं: झळ किती जणांना बसते? किती खोल बसते? आणि जे गेलं ते परत मिळतं का? घड्याळ परत मिळू शकतं, असं एक पोरगी हळूच म्हणाली, पण चोर समजून दप्तर उलटं केलेलं कुणी विसरत नाही. मुख्याध्यापक दाराशी उभे राहून ऐकत होते. दप्तरं तपासायची राहूनच गेली.

अशी बरीच वर्षं गेली आणि मग मैदानाचं प्रकरण निघालं.

गावाच्या मधोमध एक मोठं मोकळं मैदान होतं. लग्न होऊन आल्यापासून बाई रोज सकाळी तिथे पळायला जायच्या. नगरपालिकेनं ठरवलं की शेजारचं इस्पितळ अपुरं पडतंय, तेव्हा मैदानावर नवी इमारत बांधायची. गाव पेटून उठलं. मैदान वाचवायला समिती निघाली आणि तिचे अध्यक्ष झाले बाईंचे दीर. ते निवृत्त पोस्टमास्तर होते आणि या वयातही पोरांबरोबर फुटबॉलला लाथ मारायला मागेपुढे पाहत नसत. बाई समितीत पहिल्या दिवसापासून होत्या.

त्याच दिवसांत शाळाशाळांमधल्या वादविवाद स्पर्धेची अंतिम फेरी आली. आयोजकांनी गावात गाजत असलेलाच विषय दिला: मैदानावर इस्पितळ व्हावं की नाही. आणि परीक्षक म्हणून बाईंना बोलावलं. बाईंनी सरळ सांगितलं की मी समितीची माणूस, मला काढा. पण दुसरे परीक्षक आजारी पडलेले. दोन्ही शाळांच्या शिक्षकांना विचारलं, तर दोघंही म्हणाले, बाई असतील तर आमची हरकत नाही. मग बाईंचाही नाइलाज झाला.

सभागृह खचाखच भरलं होतं. पहिल्या रांगेत दीर समितीच्या मंडळींना घेऊन बसले होते.

मैदानाच्या बाजूनं खणखणीत आवाजाची एक मुलगी उभी राहिली. पोरांची धाप, म्हाताऱ्यांच्या सकाळच्या फेऱ्या, आजारी पडू न देणारं मैदान हेच खरं इस्पितळ, हे तिनं असं काही सांगितलं की लोकांच्या अंगावर काटा आला. समोरच्या बाजूचा मुलगा उंच आणि किडकिडीत होता, त्यात सर्दीनं नाक चोंदलेलं. तो म्हणाला, ही बोलली ते सगळं मला मान्य आहे. मैदानानं तब्येत सुधारते, आनंद मिळतो. तिलाही माणसं धडधाकट हवीत आणि मलाही. मग मोजायचं कशानं? जे नुकसान भरून येत नाही, त्याला आधी जागा द्यायची. मैदान गेलं तर मुलं लांब जाऊन खेळतील, कुरकुरत खेळतील, पण खेळतील. इथे खाट नाही म्हणून पुढच्या गावाला नेताना वाटेत जो जातो, तो परत येत नाही.

मुलीची उत्तर द्यायची पाळी आली. तिनं पुन्हा मैदानाची थोरवी सांगितली, आधीपेक्षा जास्त जोरात. त्यानं ठेवलेल्या मापाला तिनं हातही लावला नाही.

बाईंची जीभ वळवळत होती. इस्पितळ हवंच, पण ते इथेच का? एवढा एक प्रश्न त्या मुलीनं विचारला असता तर सगळं फिरलं असतं. पण तो विचारला गेला नव्हता. आणि मुलीनं न विचारलेला प्रश्न परीक्षकानं मनातल्या मनात विचारून घ्यायचा, तर मग समोर मुलं उभी करायचीच कशाला?

त्या उठल्या. “मैदानाच्या बाजूनं आपल्याला काय प्रिय आहे ते फार सुंदर सांगितलं,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या बाजूनं दोन प्रिय गोष्टींतली कुठली आधी ठेवायची आणि का, ते सांगितलं. त्या ‘का’ला उत्तर मिळालं नाही. निकाल इस्पितळाच्या बाजूनं.”

पहिली रांग उठून निघून गेली.

संध्याकाळी दीर दुकानात आले. बाई तिथेच होत्या. गिऱ्हाईक समोर असतानाही त्यांनी आवाज खाली आणला नाही. “वहिनी, तुमचं मत बदललं का?”

“नाही, भाऊजी.”

“मग हे काय केलंत?”

“मत माझं होतं. निकाल त्यांचा होता,” बाई म्हणाल्या.

दिरांना ते शब्दांचे खेळ वाटले. त्या दिवसापासून त्यांनी वहिनींशी बोलणं टाकलं. भावाकडे यायचे, पण जिना चढायचे नाहीत. नवऱ्यानं बाईंना एकच विचारलं, पुन्हा तसंच बोलणं झालं तर पुन्हा हाच निकाल देशील का? बाई हो म्हणाल्या, आणि त्यानं विषय मिटवला.

खरा घोळ पुढे झाला. नगरपालिकेच्या माणसांनी जिथे तिथे सांगायला सुरुवात केली की मैदानवाल्या बाईंनीसुद्धा इस्पितळालाच कौल दिला. रस्त्यात ओळखीची माणसं तोंड फिरवू लागली. आपण समितीचं नुकसान केलं, हे त्यांना दिसत होतं. निकाल चुकला असं मात्र वाटत नव्हतं, आणि या दोन गोष्टी उरात एकत्र घेऊन त्या रोज शाळेत जात होत्या.

एका शनिवारी ती हरलेली मुलगी नकाशांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. शाळा दुसरी, पण राग सोबत घेऊनच आली होती. माझं काय चुकलं ते सांगा, म्हणाली. बाईंनी सांगितलं नाही. त्या उंच मुलाची बाजू तूच मांड, म्हणाल्या, आणि अशी मांड की तो इथे असता तर त्यानं मान डोलावली असती. पहिल्यांदा तिनं तोंड वाकडं करून मांडली. बाईंनी परत पाठवलं. पुढच्या शनिवारी तिनं ती मनापासून मांडली, आणि बोलता बोलता मध्येच थांबली.

“बाई, न भरून येणारं नुकसान म्हणजे मैदानाचंही आहेच की,” ती म्हणाली. “इस्पितळ दुसरीकडे बांधता येईल. एवढी मोकळी जागा दुसरीकडे कुठून आणणार?”

बाईंनी भिंतीवरचा गावाचा नकाशा तिच्यापुढे केला. बसडेपोमागे पालिकेचंच एक गोदाम कित्येक वर्षं बंद पडून होतं.

दुसऱ्या दिवशी बाई इस्पितळात गेल्या आणि मुख्य परिचारिकेला भेटल्या. गोदामाची जागा चालेल का, असं विचारलं. ती स्पष्टवक्ती होती. वॉर्ड तिथे चालतील, म्हणाली, पण अपघात विभाग नाही. डेपोच्या गल्लीत बस आडव्या आल्या की रुग्णवाहिका तिथेच अडकणार. तो विभाग मोठ्या रस्त्यालाच हवा, म्हणजे मैदानाच्या कडेला.

बाईंनी हे दोन्ही दिरांना जाऊन सांगितलं. गोदामाचं ऐकून ते इतके खूश झाले की अबोला विसरले. पण रस्त्याचं ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला. पालिकेनं लोकांचं म्हणणं ऐकायला सुनावणी ठेवली होती. तिथे गोदामाचं सांगू या, ते म्हणाले. “रस्त्याचं तेवढं बोलू नका, वहिनी. ते त्यांचं काम आहे, त्यांनी शोधावं.”

“त्यांना नाही सापडलं तर?”

दीर उठले आणि समितीचे कागद आवरायला लागले.

सुनावणीच्या दिवशी बाईंनी बोलायला वेळ मागितला. माझ्या नावानं जो निकाल सांगितला जातोय तो खरा आहे, त्या म्हणाल्या, आणि त्यांनी त्या मुलापेक्षाही चांगल्या रीतीनं इस्पितळाची बाजू मांडली. समितीची माणसं खुर्च्यांत चुळबुळायला लागली. एकानं तर मागून ‘बसा आता’ असं म्हटलं. बाई बसल्या नाहीत. या बाजूला उत्तर आहे, पण ते मी शोधलेलं नाही, असं म्हणून त्यांनी त्या मुलीला पुढे बोलावलं. मुलीनं या वेळी आवाज चढवला नाही. इस्पितळ हलवता येतं, मैदान हलवता येत नाही, एवढंच तिनं नकाशा दाखवून सांगितलं. पालिकेचा अभियंता कागदावर काहीतरी लिहू लागला.

आणि मग बाई परत उठल्या. अपघात विभाग मात्र गोदामात चालणार नाही, त्यांनी सांगितलं, आणि कारणही दिलं. मैदानाची कड द्यावी लागेल. आम्हाला ते आवडत नाही, पण एका माणसाच्या जिवापुढे पळायच्या वाटेची कड मोठी आहे असं मला म्हणता येत नाही.

दिरांनी कपाळावर हात मारून घेतला.

महिन्याभरात निर्णय झाला. वॉर्डांची इमारत गोदामाच्या जागी, अपघात विभाग मैदानाच्या रस्त्याकडच्या पट्टीवर. बाकीचं मैदान वाचलं. गावात बरेच जण म्हणाले की बाई गप्प बसल्या असत्या तर सगळंच वाचलं असतं. बाईंनी ते कधी नाकारलं नाही. कदाचित वाचलं असतंही, त्या म्हणायच्या.

समिती मोडली नाही. आज नदीचा घाट, उद्या वाचनालयाची जागा, काही ना काही निघतच असतं. पण आता पालिकेकडे जायच्या आधी एक बैठक होते, आणि त्यात बाईंनी समितीच्या विरुद्ध बोलायचं असतं, जमेल तितकं जोरकस. तो उंच मुलगाही कधीकधी येतो आणि बाईंच्या बाजूला बसतो. दीर हाताची घडी घालून, कपाळाला आठ्या घालून सगळं ऐकून घेतात. मध्येच उसळतात, पाणी पितात, परत बसतात. बैठकीचं निमंत्रण द्यायला मात्र दर वेळी ते स्वतःच जिना चढून वर येतात.