सगळ्यांनी शून्य लिहा

१९९६ साली माझं पोस्टिंग कल्याणजवळच्या लष्कराच्या एका ट्रान्झिट कॅम्पमध्ये होतं. मी नर्सिंग ऑफिसर, लेफ्टनंट. घर डोंबिवलीला मानपाडा रोडवर, पण राहायचं कॅम्पातच. सकाळी सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी जवानांची तपासणी, मग ड्रेसिंग, इंजेक्शनं. बोलायचं काम कमी असायचं. ते मला बरं वाटायचं.

सीमेवरून परतलेल्या जवानांसाठी हॉस्पिटलने एक प्रश्नावली पाठवली. झोप, भूक, अपराधीपणा, जगण्याची इच्छा. प्रत्येक प्रश्नाखाली चार वाक्यं, शून्य ते तीन. गेल्या पंधरा दिवसांत आपल्याला लागू पडेल त्या वाक्यावर ज्याने त्याने एकट्याने खूण करायची. बेरीज जितकी मोठी, तितकं नैराश्य गंभीर. ठरावीक आकड्यापुढे माणूस मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचा. जवानांना एवढंच माहीत होतं, की पाठवलं तर मेडिकल कॅटेगरी खाली आणि प्रमोशन बंद.

सुभेदार शिंदेंनी प्लाटून जेवणाच्या लंगरमध्ये रांगेत फॉलइन केली आणि प्रश्न स्वतःच वाचायला घेतले.

"प्रश्न पहिला. उदास वाटतं का? शून्य. लिहा सगळ्यांनी."

"साहेब, झोपेचं काय लिहू?" मागून एकाने विचारलं.

"तू तर पहाऱ्यावरपण झोपतोस. शून्य!"

प्लाटून हसली.

मी म्हणाले, "साहेब, हे ज्याचं त्याने भरायचं असतं."

"मॅडम, तुमच्या कॉन्व्हेंटमध्ये दुःखाला मार्क देत असतील. माझ्या प्लाटूनचा रिपोर्ट एकच. सब ठीक."

नाईक नाखवा हसला नव्हता. ठाण्याच्या कोळीवाड्यातला, मोजकं बोलणारा. त्याने खरं लिहिलं. बहुतेक ठिकाणी दोन. जगण्याच्या प्रश्नावर तीन. मी त्याला एमआय रूममध्ये, म्हणजे कॅम्पच्या दवाखान्यात बसवलं आणि मानसोपचारतज्ज्ञाकडचं रेफरल लिहायला घेतलं. तेवढ्यात सुभेदार आत आले.

"नाखवा, ऊठ. हवालदारीचा कोर्स तोंडावर आलाय आणि हे काय नाटक? दुसरा पेपर भर."

नाखवाने माझ्याकडे पाहिलं. मग उभ्याउभ्याच शून्यं भरली आणि सही केली.

मी कॅम्पच्या मेजरसाहेबांना फोन लावला.

"सर, नाईक नाखवाला आजच हॉस्पिटलला पाठवायला हवं. त्याला एकटं ठेवू नये."

"दुसऱ्या पेपरवर तर तो फिट आहे."

"तो ऑर्डरने भरलाय, सर."

"सही त्याचीच ना? ज्याचं त्याने भरायचं, हे तुम्हीच म्हणता, लेफ्टनंट. गाडी मिळणार नाही."

मी रेफरल लेखी पाठवलं. ते सहीशिवाय परत आलं.

तिसऱ्या दिवशी नाखवा सकाळच्या परेडला आला नाही. त्याने आत्महत्या केली होती. संध्याकाळच्या रोल कॉलला सुभेदारांचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता.

"एक कम. बाकी सब ठीक."

चौकशीत मी दोन्ही पेपर पुढे ठेवले. निष्कर्ष आला, घरगुती कारण.

वर्षश्राद्धाला मी कोळीवाड्यात गेले. तोवर मी नोकरी सोडली होती. त्याच्या आईने माझा हात धरून विचारलं, "बाय, माझा पोर भित्रा व्हता का गो?"

"नाही, आई. आजारी होता. अख्ख्या प्लाटूनमध्ये खरं त्याने एकट्यानेच सांगितलं."

सुभेदार शिंदेही आले होते, साध्या कपड्यांत. मला पाहून त्यांनी टाचा जुळवल्या. "जय हिंद, मॅडम."

मी तो सलाम घेतला नाही. नाखवाच्या फोटोकडे वळले आणि सावधान उभी राहिले.

नाईक दामोदर नाखवा. युनिटच्या स्मारकावर हे नाव कोरलेलं नाही.