नलूमावशींनी न वाचलेलं पान

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईला फोनवर सांगायचं ठरवते आणि हवामानावर बोलून ठेवून देते. मराठीत लिहितेय, कारण ऑफिसात हे कुणाला वाचता येणार नाही. म्हणजे भित्रेपणा इथेही आहेच, नाही का?

ग्लासगोत आम्ही शाळांच्या प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये करतो. मजकूर सॉफ्टवेअरमध्ये घालायचा, परिच्छेद किती आत सरकवायचा, ओळ कुठे तोडायची ते ठरवायचं, मग ब्रेल प्रत नलूमावशींकडे तपासायला द्यायची. मावशी जन्मापासून अंध. कित्येक वर्षं त्या इथे बोटांनी चुका शोधत होत्या. "काय गं, परत सगळं लेफ्टला ढकललंस? स्पेसवर कौन्सिल टॅक्स लागतो का?" माझी चूक सापडली की त्या खूश.

एकदा इंग्रजीच्या पेपरातली कविता शेवटच्या दिवशी बदलून आली. मावशी पेपर तपासून, सही करून घरी गेल्या होत्या. मी नवी कविता चिकटवली. पडद्यावर ओळी नीट दिसत होत्या. पण ओळीअखेरचे ब्रेक सॉफ्टवेअरने नुसती रिकामी जागा म्हणून धरले, आणि ब्रेलमध्ये कविता सलग उतरली, धड्यासारखी. मावशींना फोन केला असता तर त्या परत आल्या असत्या. मला संकोच वाटला. संकोच — की कंटाळा? जुन्या सहीवरच पेपर पाठवला.

प्रश्न नेमका कवितेतल्या ओळी तोडण्याबद्दल होता. परीक्षेला बसलेल्या मुलीने लिहिलं, इथे ओळी तुटतच नाहीत. तक्रार आली. तिचे मार्क भरून दिले गेले. मॅनेजरने मला विचारलं, हे पान नलूने पाहिलं होतं ना?

मी म्हटलं — हो.

मावशी शेजारीच होत्या. त्यांनी पान मागून घेतलं, बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. "हे माझ्या हाताखालून गेलं? मला तर ही पोएम आठवतही नाही गं."

"वाचलीत तुम्ही, मावशी. शुक्रवारी. जरा घाईत होतात."

घाईचं मला कुणी विचारलं नव्हतं. ते मी स्वतःहून जोडलं.

त्यांना डायबिटीस आहे. त्यांना वाटलं, बोटं बधिर व्हायला लागली, आणि डोकंही. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, तपासून सांगितलं, सगळं नॉर्मल आहे. "त्याला काय कळतंय," त्या म्हणाल्या. "तू तिथे होतीस. तू कशाला खोटं सांगशील?" महिन्याभरात त्यांनी काम सोडलं.

मी दर रविवारी त्यांच्याकडे जाते. दर वेळी जिन्यात ठरवते, आज सांगायचं. मग चहा करते, भांडी धुते, निघते.

गेल्या महिन्यात त्यांनी घरातली सगळी ब्रेल पुस्तकं देऊन टाकली. आता हात लावायची भीती वाटते, म्हणाल्या. खोकी मीच तीन मजले खाली नेली. "तुझ्याशिवाय कोण करतंय गं एवढं," त्या दारातून म्हणाल्या.

मी पुढचं खोकं उचललं.