बत्तिसाव्या प्रश्नानंतर

ज्ञानदेव येळवंडे मूळचे निघोजेचे. आमच्या कंपनीत ते अठ्ठावीस वर्षे गाड्या चालवत आहेत, पण त्या सगळ्या कंपनीच्या भिंतीच्या आत. तयार झालेली गाडी ट्रॅकवर फिरवायची, चढावरून आणि खडबडीत पट्ट्यावरून न्यायची आणि कागदावर शेरा लिहायचा, हे त्यांचे काम. येत्या मार्चमध्ये ते निवृत्त होतील, मी त्यांच्यामागून सहा महिन्यांनी.

तीन वर्षांपूर्वी कंपनीची नवी छोटी एसयूव्ही ट्रॅकवर आली. तिच्याबद्दल मत देण्यासाठी बत्तीस प्रश्नांचा फॉर्म होता. तो ज्ञानदेवांनी माझ्या टेबलाशी बसून भरला.

"स्टीअरिंग हलकं हाय, पण वेगात हातातनं सुटत न्हाई," ते म्हणाले. "आन् रूप तर बघा राव! शर्यतीत सुटायच्या आधी बैल कसा मागनं उचलून उभा ऱ्हातो, तशी दिसती."

बत्तीसही प्रश्नांना त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले. सगळे प्रश्न चालकाच्या सीटवरून विचारलेले होते. तेव्हा ते माझ्याही ध्यानात आले नाही.

निवृत्तीआधी सवलतीत एक गाडी घेता येते. त्यांनी हीच घेतली, आणि घेतली ती पत्नीसाठी. भरलेल्या एसटीत एकदा जीव घाबरा झाल्यापासून गिरजाबाईंनी प्रवासच सोडला होता. मंचरला मुलगी स्वप्नालीचे दुसरे बाळ तीन महिन्यांचे झाले, तरी आजीने ते पाहिले नव्हते.

रविवारी निघालो. मलाही आग्रहाने घेतले. मुलगा ओंकार चालवत होता, शेजारी ज्ञानदेव, मागे मी आणि गिरजावहिनी. चाकणच्या चौकात गाडी अडकली. दोन्ही बाजूंना कंटेनर. मागची काच निमुळती होत वर चढलेली, वहिनी ठेंगण्या. त्यांच्या डोळ्यांसमोर नुसते काळे प्लास्टिक होते.

"ओंकार, मला उतरायचंय."

"आई, एसी लावलाय की. सगळे म्हणतात, हिच्यासारखी गाडी न्हाई."

"मग त्यांना आणून बसव हितं!"

त्यांनी दाराची मूठ ओढली, मग दोन्ही हातांनी ओढली. दार उघडेना. नातवंडे बसतील म्हणून ज्ञानदेवांनीच आदल्या दिवशी मागच्या दोन्ही दारांचे बाल-कुलूप लावून ठेवले होते. माझेही दार आतून उघडत नव्हते.

"अहो, दार उघडा!" वहिनींचा आवाज फाटला.

ज्ञानदेव उतरले. कंटेनरच्या चाकाला अंग घासत मागे आले, बाहेरून दार उघडून त्यांनी वहिनींना पुढे बसवले आणि स्वतः माझ्या शेजारी बसले. आपल्याच गाडीत ते मागे पहिल्यांदाच बसत होते.

पाऊण तासाने वाहने हलली. ज्ञानदेव मान वाकडी करून बाहेर बघायचा प्रयत्न करत होते.

"हा घुरघुर आवाज कसला रे ओंकार?"

"मागच्या चाकांचा. मागं येतोच तो."

"मला कोण बोललं न्हाई कधी."

"तुमी कधी इचारलं व्हय?" वहिनी समोर बघतच म्हणाल्या. मंचरपर्यंत त्यांनी पुढच्या दाराची मूठ सोडली नाही.

स्वप्नालीच्या दारात गाडी पुरती थांबायच्या आत त्या उतरल्या. उंबऱ्यातच त्यांनी बाळाला घेतले आणि त्याच्या मानेत तोंड खुपसले. ओंकार गाडी बंद करून त्यांच्यामागे आत धावला.

आम्ही दोघे गाडीतच राहिलो. इंजिन बंद, काचा खाली होईनात. ज्ञानदेवांनी सवयीने दाराची मूठ ओढली, मग हात मांडीवर ठेवला.

"हाक मारू का?" मी विचारले.

"थांबा जरा," ते म्हणाले. "तिला बाळ बघू दे."

आत हसण्याचा आवाज येत होता. आम्हाला दिसत काही नव्हते.