व्हरांड्यातलं बी.ए.

बेंबळीच्या ताई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी त्याच्या दंडाकडे. अंगणवाडीत लेकरांचे दंड मोजण्यात त्यांची उमर गेली होती. लाल म्हणजे कुपोषित, पिवळा म्हणजे काठावर, हिरवा म्हणजे ठीक, अशी ती मोजायची पट्टी त्यांच्या पिशवीत कायम असे, पण मोठ्या माणसांसाठी त्यांना पट्टी लागत नसे. अंगठा आणि दोन बोटांत दंड धरायचा आणि निकाल देऊन मोकळं व्हायचं. बी.ए.ला प्रवेश घ्यायला त्या माझ्यासमोर आल्या तेव्हा ओळख ना पाळख, टेबलावरून हात लांब करून त्यांनी माझा दंड धरला. "सर, तुमी पिवळ्यात हाव," त्या म्हणाल्या. "डबा आणत जावा." तोवर हे माझ्या बायकोच्याही लक्षात आलं नव्हतं.

मी धाराशिवच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र आमच्याकडे आलं आणि कुणीच घेईना म्हणून माझ्या गळ्यात पडलं. आठवडाभर पोरं शिकवायची आणि रविवारी त्यांच्या आयाबापांच्या वयाच्या माणसांना पदवीचे नियम सांगायचे. बारावी नसेल तर आधी पूर्वतयारी परीक्षा. प्रत्येक विषयाचा गृहपाठ वेगळा पास, परीक्षा वेगळी पास. सगळे विषय नोंदणीच्या मुदतीत सुटले पाहिजेत, नाहीतर नव्याने नोंदणी. हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की झोपेत उठवून विचारलंत तरी सांगेन, आणि बहुतेक पुन्हा झोपेन.

ताईंना हे सगळं ऐकून घ्यायचा कंटाळा होता. मी नियमांची गाडी सुरू केली की त्या हात वर करून थांबवत. "झालं किती ते मला ठावं हाय, सर. ऱ्हायलंय किती तेवढं सांगा." दर सहामाहीला निकाल लागला की त्या दारात उभ्या आणि हाच प्रश्न. मी आकडा सांगायचा, त्या मान हलवायच्या आणि बसस्टँडची वाट धरायच्या. पास झालेल्या विषयांचं कौतुक करायला त्यांना कधी सवड झाली नाही.

पदवी त्यांना हवी होती ती पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी. अनुभव भरपूर होता, कमी होती ती फक्त पदवीची, आणि त्या जागेला वयाची अट होती. ताईंच्या अंगणवाडीत आजवर कितीतरी पर्यवेक्षिका जीपमधून उतरल्या होत्या, खुर्चीत बसल्या होत्या, चहा पिऊन शेरा मारून गेल्या होत्या. "जलमभर तपासून घेतलं," त्या म्हणायच्या. "एकदा म्या जाऊन तपासणार. आन् चा बी घेणार न्हाय कुणाचा."

आमच्या केंद्रात गृहपाठाची एक रीत आहे. एक जण गाइडमधून उतरवतो आणि बाकीचे त्याच्यावरून उतरवतात. एकाने चूक केली की ती चूक बेंबळीपासून ढोकीपर्यंत सगळ्या वह्यांत दिसते, आणि मी डोळे मिटून मार्क देतो. ताईंचा गृहपाठ मात्र त्यांचा स्वतःचा असे. गावपातळीवर योजना राबवताना येणाऱ्या अडचणी लिहा, असा प्रश्न होता. ताईंनी लिहिलं, पहिली अडचण म्हणजे धान्याच्या खोलीची किल्ली सरपंचांच्या घरी असते आणि सरपंच लग्नाला गेलेले असतात. नमुना उत्तरात किल्लीही नव्हती आणि लग्नही नव्हतं. मी पास होण्यापुरते मार्क दिले आणि पुढची वही ओढली.

एकट्याने शिकणं ताईंना जमायचं नाही. दुसऱ्याच वर्षी त्यांनी गावातल्या दहावीनंतर लग्न होऊन आलेल्या सुना गोळा करून आणल्या. सासवांना काय सांगून आणल्या कोण जाणे, पण आणल्या. सुनांबरोबर अर्थातच त्यांची लेकरं आली. वर्गात रडारड सुरू झाली तेव्हा मी वैतागून म्हणालो, "ताई, हे अभ्यासकेंद्र आहे, अंगणवाडी नाही." ताई उठल्या, एक लेकरू कडेवर घेतलं, दोघांचे हात धरले आणि व्हरांड्यात सतरंजी टाकून बसल्या. त्या दिवसापासून दर रविवारी आमच्या केंद्राला व्हरांडा जोडला गेला. ताई खिडकीला पाठ लावून बसायच्या. आत मी शिकवायचो, बाहेर त्या एका कानाने मला ऐकायच्या. मी काही विचारलं आणि वर्ग गप्प राहिला, तर खिडकीतून उत्तर यायचं. लेकरं शांत असली की आत येऊन बसायच्या, एखादं रडलं की वाक्य अर्धवट टाकून बाहेर. एका रविवारी अशा किती खेपा व्हायच्या ते त्यांनाही कळत नसे. त्यांचं सगळं बी.ए. असं उंबऱ्यावरच झालं.

सुना एकेक करून पास होत गेल्या. त्यात सुवर्णा नावाची एक होती, शांत आणि भलती चिवट. ती पहिल्या झटक्यात सगळे विषय काढून बसली. ताईंचा मात्र लोकप्रशासनाचा एक पेपर मागे राहिला. एकदा पोलिओ डोसाच्या ड्युटीचा रविवार आडवा आला, एकदा सासऱ्यांचं आजारपण. शेवटी अशी वेळ आली की नोंदणीची मुदत संपत होती आणि वयाची अटही जवळ आली होती. उरली ती एकच परीक्षा. "ऱ्हायलंय किती?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "एकच, ताई. या वेळी काही आडवं येऊ देऊ नका." त्यांनी पोलिओच्या तारखा आधीच बघून ठेवल्या होत्या.

पेपरच्या दिवशी त्या पहिल्या बसने आल्या. इस्त्रीचं पातळ, केसांना तेल. सकाळी मीच सगळ्यांना सूचना वाचून दाखवल्या. पेपर संपेपर्यंत परवानगीशिवाय कुणीही वर्गाबाहेर पडायचं नाही, बाहेर पडलेल्याला पुन्हा आत घेतलं जाणार नाही. ताईंनीही मान हलवली. पेपर सुरू झाला आणि थोड्या वेळाने व्हरांड्यात एक लेकरू रडायला लागलं. ते त्यांच्या सुनांपैकी कुणाचं नव्हतं. दुसऱ्या खोलीत पेपर लिहिणाऱ्या कुण्या अनोळखी बाईचं होतं, आणि त्याला सांभाळायला आलेला बाप पाणी आणायला गेला होता.

आवाज ऐकून मी ऑफिसातून बाहेर आलो तर ताई व्हरांड्यात, लेकरू खांद्यावर, पाठीवर थोपटणं चालू. लेकरू गप्प झालं होतं. माझ्याकडे बघितल्यावर त्यांना कळलं आपण कुठे उभ्या आहोत. दारात परीक्षेचा पर्यवेक्षक त्यांची उत्तरपत्रिका हातात घेऊन उभा होता. बाहेरून नेमलेला तरुण माणूस, नियमाला पक्का. मी त्याला बाजूला घेऊन विनवलं. त्याने मी सकाळी वाचलेलाच कागद माझ्यापुढे धरला. त्याचं चूक होतं असं मला आजही म्हणता येत नाही, आणि ते मला लई लागतं.

ताई रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. लेकराचा बाप आला, त्याच्याकडे लेकरू दिलं, आणि देता देता त्याचा इवलासा दंड बोटांत धरून बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्या न्हाय गेले, सर. पाय गेले."

त्यांची मुदत संपली. नव्याने नोंदणी करायची तर अभ्यासक्रम बदललेला होता आणि तोवर जागेसाठीचं वयही उलटून गेलं. मला वाटलं, ताई आता केंद्राचं तोंड बघणार नाहीत. पुढच्या रविवारी पाहतो तर सतरंजी अंथरलेली. अजून काही सुना शिकायच्या बाकी होत्या. मी म्हणालो, "ताई, आता तुम्हाला यायची सक्ती नाही." त्या म्हणाल्या, "घरी आयतवार सरत न्हाय, सर." त्यानंतर मात्र त्यांनी मला किती राहिलं हे कधी विचारलं नाही.

सुवर्णा पर्यवेक्षिका झाली. ही बातमीही ताईंनीच आणली, पेढे घेऊन. "माझीच अंगणवाडी तपासाय आली की. लई कडक हाय. रजिस्टर अर्धवट ऱ्हायलं म्हणून मलाच नोटीस दिली." मी कपाळाला हात लावला. "बरोबर हाय तिचं," ताई म्हणाल्या. "चा बी घेतला न्हाय." हे सांगताना त्यांच्या तोंडावर जे होतं त्याला आनंद म्हणावं की आणखी काही, मला ठरवता आलं नाही. पेढा मी कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

मग आमची रविवारची संपर्कसत्रं मोबाइलवर गेली. तासांचे व्हिडिओ आले. सुना घरीच भाकरी थापता थापता ऐकायला लागल्या, लेकरं तिथंच खेळायला लागली. सोय झाली, नाही कसं म्हणू? माझेही रविवार मोकळे झाले. पण मोकळ्या रविवारचं काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी केंद्रात येऊन नुसता बसायचो.

अशाच एका रविवारी ताई आल्या. पिशवीत सतरंजी होती. व्हरांडाभर नजर फिरवून त्यांनी विचारलं, "कुणीच न्हाय व्हय?" बेंबळीच्या सुना घरी मोबाइलवर ऐकतात ते त्यांना ठाऊक होतं; बाकीच्या गावांचंही तसंच झालंय, हे मी सांगितलं. त्यांनी खिडकीतून रिकाम्या वर्गात डोकावून बघितलं. मग टेबलासमोर येऊन बसल्या आणि सहज, बसची वेळ विचारावी तसं म्हणाल्या, "सर, माझं किती ऱ्हायलंय?"

नियम मला पाठ होते. मुदत संपलेली, अभ्यासक्रम नवा, नव्याने नोंदणी, जवळजवळ सगळंच पहिल्यापासून. इतकी वर्षे हे मी कुणाकुणाला तोंडावर सांगितलं होतं. त्या दिवशी मात्र मी नियम बाजूला ठेवले. मी म्हणालो, "एकच, ताई. एकच पेपर राहिलाय."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, मला काय ठाऊक आहे तेही ठाऊक होतं. "एकच व्हय?" त्या म्हणाल्या. "मंग ऱ्हाऊ द्या त्यो."

उठताना त्यांनी टेबलावरून हात लांब करून माझा दंड धरला, पण या वेळी रंग काही सांगितला नाही. सतरंजी माझ्या खुर्चीशेजारी ठेवली आणि बेंबळीची बस गाठायला निघून गेल्या.

ती सतरंजी अजून केंद्रातच आहे. रविवारी मी ती झटकून व्हरांड्यात टाकतो आणि संध्याकाळी घडी करून ठेवतो.