लढाईतला वैद्य

वडूजहून औंधला जाणाऱ्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले होते. वय साठीचं, मिशी पांढरी, पाठ ताठ. फौजेतून निवृत्त झाल्याचं त्यांनी बसल्या बसल्या सांगितलं आणि मोबाइलवर खेळ सुरू केला. पडद्यावर पाच जण मिळून एका राक्षसाशी लढत होते. चौघांच्या हातात शस्त्रं होती. यांचा गडी मात्र मागं उभा राहून जो जखमी होईल त्याच्यावर हिरवा उजेड टाकत होता.

"काका, तुम्ही फौजी माणूस. मग तलवार का नाही घेतली?" मी विचारलं.

"लढून लय झालं, पाव्हणं," पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले. "हितं मी वैद्य हाय. ह्यातली एक पोरगी आसामची, एक गडी केरळचा. कुणाचं तोंड कवा बघितलं न्हाई. पर मी आल्याबिगर ती लढाईला जात न्हाईत."

मोबाइलवरचा खेळ म्हणजे एकट्यानं वेळ घालवणं, असं मला तोवर वाटायचं.

त्यांच्या वस्तीचा फाटा आला. ते अर्धे उठले आणि पुन्हा बसले.

"पोरगी पडलीया. तिला उठवल्याबिगर कसं उतरू?"

बस सुटली. त्यांचे अंगठे भराभर फिरत राहिले. जरा वेळानं फोनमधून एका मुलीचा हसरा आवाज आला, "काकाजी, बच गई!"

"शाबास, बेटा!" ते ओरडले. अख्खी बस वळून बघायला लागली.

पुढच्या थांब्यावर ते उतरले. आता वस्तीपर्यंत उन्हातून मागं चालत जायचं होतं. मी खिडकीतून पाहिलं, तर ते शीळ घालत निघाले होते.