वहिनीचे बारा किलो

आमच्या वहिनीला "जरा बस" म्हटलं, तर ती पाय फाकवून, कंबर मागे नेऊन अर्धीच बसते आणि पुन्हा उठते. वर दांडी असलेला बारा किलोचा लोखंडी गोळा, म्हणजे तिचं केटलबेल, सतत हाताशी असतं. तिच्या शिवणकामाच्या दुकानात गिऱ्हाईक पडद्याआड कपडे घालून बघेपर्यंत तिचे गोळ्याचे पंधरा झोके होतात. घरी दूध तापेपर्यंत दहा, मुलीचे पाढे ऐकताना वीस. दूध दोनदा उतू गेलं. पाढ्यांचं मात्र बरं चाललंय.

हे खूळ सुरू झालं बाबांमुळे. पडल्यापासून त्यांच्या उजव्या पायात जोर नाही. त्यांना पलंगावरून खुर्चीत घेताना वहिनीच्या पाठीत उसण भरली. भाऊ ट्रक चालवतो, आठवड्यातले पाच दिवस बाहेर. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि सल्ले देते. मीच ठणकावलं, "तीन महिने बाई ठेवू. तोवर तुला झेपलं नाही, तर बाबांना वृद्धांच्या शुश्रूषागृहात ठेवायचं." पाठ बरी झाल्यावर वहिनी हा गोळा घेऊन आली.

एकदा तर कहरच केला. गिऱ्हाइकाची कंबर मोजली आणि वहीत लिहायच्या आधी झोके मारून घेतले. बेचाळीस झाले. वहीत कंबरही बेचाळीस! तो काडीपैलवान पँट दोन्ही हातांनी धरून बाहेर आला.

"ताई, यात माझा भाऊपण मावेल."

"वाढत्या अंगाची शिवलीय," वहिनी म्हणाली. गृहस्थ पंचावन्नचे होते.

तीन महिने झाले त्या रविवारी मी परीक्षा घ्यायला गेले. वहिनीने पाय रोवले, पाठ ताठ ठेवली. "बाबा, धरा मला." एक श्वास सोडला आणि बाबा अलगद खुर्चीत. मी खोट शोधली, सापडली नाही.

"आता तू उचल," बाबा मला म्हणाले. मी कंबर कसली, दात आवळले. बाबा तसूभरही हलले नाहीत. ते खदखदून हसले, वहिनीही हसली. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली.

मग बाबा हसायचे थांबले. म्हणाले, "पलंगाखाली पिशवी आहे. तेवढी रिकामी कर."

मी ओढून काढली. चार सदरे, औषधांचा डबा, चष्म्याचं घर, आईचा फोटो. सगळं नीट लावून भरलेलं.

"कधी भरलीत?"

"तू तीन महिने म्हणालीस ना, त्याच दिवशी."

मी एकेक सदरा कपाटात परत ठेवला. बाबांकडे बघायचं धाडस मात्र झालं नाही.