तात्यांनी सांगितलेला खाडा

वर्तमानपत्रात होतो तेव्हा भुताखेतांच्या बातम्या माझ्या टेबलावर यायच्या आणि मी त्या टोपलीत टाकायचो. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणणार नाही. खाली लिहितो ते मी स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं आहे, त्यापलीकडे काही नाही.

एकोणीसशे पन्नासनंतरची दोन-तीन वर्षं. आम्ही ठाण्याला राहत होतो. वडील – आप्पा – नोकरीत, मी नुकताच कॉलेजात. आप्पांचे थोरले भाऊ तात्या – आप्पांचे दादा – मुरबाडकडच्या आमच्या गावी शेती बघत. विहिरीकडच्या पट्टीवरून दोघांत दावा सुरू होता, कल्याणच्या कोर्टात. तारीख पडली की आम्ही ठाण्याहून गाडीने जायचो, तात्या गावाहून एस.टी.ने यायचे. आणि दोघंही जेवायचे मात्र एकाच ठिकाणी – स्टेशनजवळच्या एका घरगुती खाणावळीत. तिथलं जेवण घरच्यासारखं होतं, आणि दुसरीकडे जायला दोघंही तयार नव्हते... माघार घेतल्यासारखं झालं असतं.

खाणावळ राधाबाईंची. त्या आणि सासू स्वयंपाक करत, नवरा गोपाळराव वाढत. समोरासमोर पाटांच्या दोन ओळी. तात्या दारापाशी, आप्पा मोरीकडच्या टोकाला. दोघं एकमेकांशी बोलत नसत.

महिन्याचे जेवणारे यायचे नसले की आधी सांगत. त्याला खाडा म्हणायचे. आम्ही तारखांचे जेवणारे, म्हणून आमच्यासाठी उलटा नियम होता – उठताना पुढची तारीख सांगायची, म्हणजे त्या दिवशी राधाबाई तेवढा भात जास्त टाकत. तात्या हात धुऊन मोठ्याने तारीख सांगायचे.

"आणि आप्पा, तुमची?"

"तीच."

दोन भावांत एवढाच व्यवहार उरला होता.

राधाबाई एकदा म्हणाल्या, "एका विहिरीचं पाणी पिऊन वाढलात, एका ओळीत बसायला काय होतं हो?"

"विहिरीचाच तर खटला आहे, वहिनी," तात्या म्हणाले. सगळी पंगत हसली. आप्पासुद्धा हसले, पण ताटाकडे बघून.

वैशाखातली एक तारीख. दुपारी आम्ही पोचलो तेव्हा दारापाशी तात्या नव्हते. राधाबाई म्हणाल्या, "तात्या आताच जेवून गेले. आज तुमच्या पाटावर बसले होते."

आप्पांनी मोरीकडे पाहिलं. उष्टं ताट अजून तिथंच होतं.

"म्हणाले, धाकट्याला सांगा, विहिरीकडची पट्टी त्याची. आणि माझा खाडा धरा. मी विचारलं, किती दिवस? तर हात धुऊन चालू लागले."

आप्पा त्या ताटाजवळ गेले. मग त्यांनी विचारलं, "पोटभर जेवला का?"

"दोनदा भात घेतला," गोपाळराव म्हणाले.

आप्पा त्या पाटावर बसले. जेवताना मला म्हणाले, "कोर्टात आधी मीच जाऊन बोलतो त्याच्याशी." इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा इतका मोकळा मी पाहिला नव्हता.

कोर्टाच्या व्हरांड्यात तात्यांचे वकील भेटले. ते पुढची तारीख मागायला आले होते. तात्या आदल्या संध्याकाळी वारले होते. रात्रीच सगळं उरकलंही होतं. तात्यांच्या मुलाने, वसंताने, सकाळच्या पहिल्या एस.टी.ने माणूस पाठवला होता – वकिलांकडे.

"तुम्हाला कळवलं नाही?" वकिलांनी विचारलं.

आप्पा दहाव्याला गावी गेले. मी बरोबर होतो. त्यांनी निरोप जसाच्या तसा सांगितला. वसंताने शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, मेलेला माणूस कल्याणला वरणभात जेवायला जातो?" तो म्हणाला. "आणि जातो तो नेमका जमीन द्यायला?"

पुढे तो खाणावळीत जाऊन भर पंगतीत राधाबाईंना म्हणाला, "काकांनी काय कबूल केलंय तुम्हाला?" त्यांनी पाहिलं तेच पुन्हा सांगितलं. पंगतीतला एकजण पानावरून उठला. मग चेष्टा सुरू झाली – इथं मेलेल्यांनाही वाढतात. जेवणारे कमी होत गेले. वर्षाच्या आत खाणावळ बंद झाली.

मी माझ्यापुरता तपास केला. तात्या संध्याकाळी गेले याला सगळं गाव साक्षीदार होतं. खाणावळीत राधाबाई, गोपाळराव आणि सासू अशा तिघांनी त्यांना पाहिलं होतं, आणि कित्येक तारखांपासून ते तात्यांना ओळखत होते. दोघा भावांनी बोलावं म्हणून राधाबाईंनी बनाव केला, असं मी काही काळ धरून चाललो. पण मग तात्या जिवंत असते तर घटकाभरात स्वतःच दारात आले असते, आणि बनाव उघडा पडला असता. ते येणार नाहीत हे राधाबाईंना कुठून कळलं? आमच्या आधी कल्याणात ते फक्त वकिलांना आणि वसंताच्या माणसाला माहीत होतं. वकील त्या खाणावळीत कधी जेवत नसत, आणि तो माणूस निरोप देऊन लगेच परतीच्या एस.टी.ने गेला होता.

काही वर्षांनी गोपाळराव ठाण्याच्या बाजारात भेटले. कुणाच्या तरी दुकानात नोकरी करत होते. मी तो तर्क त्यांना सांगितला.

"खोटंच बोलायचं असतं तर जमीन कशाला वाटत बसलो असतो?" ते म्हणाले. "दोघांना एका ओळीत बसवलं असतं. आमची हौस तेवढीच होती." त्यांनी माझ्या घरच्यांची चौकशी केली नाही.

त्या दुपारी तिथं कोण जेवून गेलं, हे मला माहीत नाही. जी जी उत्तरं सुचली ती सगळी कुठेतरी अडतात.

दाव्याचा निकाल वसंताच्या बाजूने लागला. आमचे वकील अपिलाचे कागद तयार ठेवतो म्हणाले, केस जिंकण्यासारखी आहे म्हणाले. आप्पांनी चप्पल घातली.

"वरच्या कोर्टात गेलो तर समोर कोण उभा राहणार? वसंता," ते म्हणाले. "त्याच्याशी माझं काय भांडण? मला दादाशी भांडायचं होतं."